पर्याय ब

बापाने ओठांत धरलेले खिळे एकेक करून तळहातावर काढले आणि मगच फोन कानाला लावला. समोर सोफा उताणा पडला होता. कापड अर्ध्यापर्यंत ताणून झालं होतं. हात सोडला असता तर सकाळपासूनची मेहनत सैल पडली असती, म्हणून त्याने कापडावर गुडघा रोवला.

"बोला."

पलीकडे एक मुलगी होती. त्याची लेक ज्या कॉलेजात विज्ञान शिकवायला शिकली, त्या कॉलेजातून बोलत होती. विज्ञानाचे चांगले शिकलेले पदवीधर शिक्षकांच्या पात्रता परीक्षेत का आपटतात, याचा कॉलेज अभ्यास करत होतं म्हणे.

"लेक शाळेत गेलीय. तात्पुरती शिकवते ती तिथे. संध्याकाळी करा."

"पालकांसाठीही प्रश्न आहेत, काका. पाचच मिनिटं. घरात अभ्यासाला वेगळी खोली आहे का?"

"दुकानामागेच राहतो आम्ही. दोन सोफे गिऱ्हाइकाकडे गेले की खोली होते."

मुलगी हसली नाही. बहुधा लिहून घेत असावी.

"आईचं शिक्षण?"

"आई वारली तिची."

"सॉरी, काका. पण शिक्षण किती होतं?"

"सातवी. इथेच कव्हरं शिवायची."

"आणि मागच्या वेळी नापास होण्याचं मुख्य कारण काय वाटतं तुम्हाला? पर्याय वाचते. अभ्यास कमी पडला, परीक्षेची भीती, भाषेची अडचण, कौटुंबिक अडचणी."

"आई गेली होती. आठवडाही झाला नव्हता."

"मग कौटुंबिक अडचणी टाकते."

"अडचण नव्हती ती," बाप म्हणाला. "टाकू नका."

"काहीतरी टाकावंच लागतं हो. नाहीतर फॉर्म पुढे जात नाही."

"मग नका जाऊ पुढे."

त्याने फोन ठेवला, खिळे पुन्हा ओठांत धरले आणि हातोडी उचलली. पहिला खिळा वाकडा गेला. तो उपटून त्याने दुसरा घेतला.

लेक दोनदा नापास झाली होती. पहिल्या वेळी एका गुणाने. दुसऱ्या वेळी ती परीक्षेला गेली हेच खूप होतं. पेपरवर काय लिहिलं ते तिलाही आठवत नव्हतं. परीक्षेला तीनदाच बसता येत होतं. तिसरी वेळ तोंडावर आली होती. या वेळी पास झाली तर शाळा तिला कायम करणार होती. नाहीतर वर्ष संपलं की दुसऱ्या कोणाला तरी घेणार होती. एवढं सरळ होतं सगळं.

म्हणून त्या संध्याकाळी बाप दुकान बंद करून गल्लीच्या टोकाला क्लासच्या सरांकडे गेला. लेक तिथे सराव परीक्षा द्यायला जायची. सर फळा पुसत होते.

"तुमच्या लेकीचा प्रॉब्लेम सांगू? तिने कॉलेजात सगळे प्रयोग खरंच केलेत."

"मग चांगलंच आहे की."

"शिकवायला चांगलं, काका. परीक्षेला घातक. बाकीची पोरं एकमेकांच्या प्रयोगवह्या उतरवून काढतात. त्यांच्या डोक्यात पुस्तक असतं. हिच्या डोक्यात, हिला जे दिसलं ते असतं." सरांनी हात झटकले. खडूची भुकटी बापाच्या शर्टावर आली. "तो मेणबत्तीचा प्रश्नच घ्या. दर दोन-तीन वर्षांनी येतो. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून ग्लास उपडा घातला. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. का चढतं? पर्याय अ, आतला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. पर्याय ब, ज्योतीने हवा तापून फुगली, थोडी बाहेर निसटली, आणि विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली. परीक्षा मंडळाच्या उत्तरतालिकेत अ. तुमची लेक पहिल्या वेळी ब भरून आली. तोच तो एक गुण."

"मग खरं काय?"

सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने सोफ्याचा पगार विचारला होता.

"खरं ब असेल. परीक्षेत अ आहे."

बाप घरी आला तेव्हा लेक भांडी घासत होती. तो दारातच उभा राहिला. वाटेत त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती.

"हे बघ. त्यांना जे हवंय ते त्यांना दे. तुझं तुझ्यापाशी ठेव. एकदा कायम झालीस की वर्गात काय हवं ते शिकव, कोण येतंय बघायला? त्या मेणबत्तीवरून आता हट्ट नको."

"बरं," लेक म्हणाली.

"बरं काय?"

"या वेळी आला तो प्रश्न, तर अ भरीन."

भांडायला कंबर कसून आलेला बाप तसाच उभा राहिला. मग पुढे होऊन त्याने तिच्या हातातली ताटली घेतली आणि पुसायला लागला. इतक्या सहज ती कधी त्याचं ऐकत नसे. आपलं वय झालं म्हणून पोरगी मन राखते आहे, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला आवडलंही.

प्रश्न आला. लेकीने अ भरला. काही दिवसांनी मंडळाने तात्पुरती उत्तरतालिका जाहीर केली, तेव्हा शुक्रवारची दुपार होती. लेक दुकानातल्या लाकडी टेबलावर, कापडाच्या तुकड्यांमध्ये जागा करून, आपली उत्तरं ताडून बघत बसली. बाप स्पंज कापत होता. त्याने एकच तुकडा तीनदा मापला.

"झालं?"

"झालं."

"मग बोल की बाई. जीव घेतेस का?"

"काठावर," लेक म्हणाली. "अगदी काठावर."

"काठावर म्हणजे आत ना?"

"आत."

बापाने सुरी खाली ठेवली. तो नळावर जाऊन तोंड धुऊन आला. मग त्याने बहिणीला फोन लावला. त्याची मोठी बहीण, लेकीची आत्या, मागच्याच गल्लीत राहायची, आणि तिला सांगितलं की वेगळी दवंडी पिटायची गरज नसे. संध्याकाळपर्यंत दूधवाल्यानेही अभिनंदन केलं. "काठावर का होईना," आत्या ज्याला त्याला ऐकवत होती, "आमच्या पोरीने मैदान मारलं. आता स्थळवाल्यांनीच आमच्याकडे रांग लावायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप स्पंजाचे गठ्ठे घेऊन परतला, तर दुकानातल्या टेबलावर पाण्याची ताटली होती, शेजारी तीन मेणबत्त्या आणि स्वयंपाकघरातला उंच काचेचा ग्लास.

"वीज गेलीय का?"

"नाही. बरे वेळेवर आलात. ग्लास तुम्ही धरा, मला व्हिडिओ घ्यायचाय."

शाळेसाठी काहीतरी असेल म्हणून बापाने हात पुसले. लेकीने एक मेणबत्ती पाण्यात उभी करून पेटवली. सांगितल्यावर त्याने ग्लास उपडा घातला. काठाखालून दोन-चार बुडबुडे बाहेर पडले. ज्योत लहान झाली, थरथरली, विझली. आणि विझल्यावरच पाणी वर चढलं, बोटभर.

"आता तीन," लेक म्हणाली.

तीनही मेणबत्त्या एकमेकींना चिकटून पेटल्या. ग्लास ठेवताना बापाच्या अंगठ्याला चटका बसला, पण त्याने ग्लास सोडला नाही. या वेळी बुडबुडे भसाभस निघाले. ज्योती विझल्या आणि पाणी चढत गेलं, मघाच्या खुणेच्या कितीतरी वर. बाप वाकून बघत राहिला.

"ग्लास तर तोच आहे."

"तोच."

"मग हवाही तेवढीच."

"हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. मेणबत्त्या तीन म्हणून हवा जास्त तापली, जास्त बाहेर पळाली. पर्याय अ खरा असता, तर पाणी दोन्ही वेळा सारखंच चढलं असतं."

"भारी आहे," बाप अंगठा तोंडात घालत म्हणाला. "पोरांना आवडेल."

"पोरांना दाखवून झालंय कधीच. हा मंडळासाठी आहे. उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे."

बाप हळूहळू सरळ झाला.

"हरकत कोणी घ्यायची?"

"मी."

"अगं, पण तू अ भरलंयस ना? आपलं तर बरोबर आलंय!"

"म्हणूनच."

तिने फोन टेबलावर ठेवला. पहिल्या वेळी ब भरून नापास झाल्यावर ती मंडळाच्या कचेरीत गेली होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तेव्हा तिची आई दवाखान्यात होती आणि घरात दुसरं काही बोललं जात नव्हतं.

"खिडकीतला माणूस म्हणाला, नापास झालेला प्रत्येक जण इथे येतो, बाई. रडगाणी गोळा करायला नाही बसलो आम्ही. अर्ज घेतला आणि तिथल्या गठ्ठ्यावर फेकला. नंतर उत्तर आलं, हरकत स्वतःच्या फायद्यासाठी घेतलेली दिसते, सबब अमान्य. त्याच दिवशी ठरवलं, बाबा. पुन्हा हा प्रश्न आला तर त्यांचं उत्तर भरायचं, गुण पदरात पाडून घ्यायचा, आणि मग तो परत करायला जायचं. मग म्हणा म्हणावं, स्वतःचा फायदा."

"म्हणजे मी सांगितलं म्हणून नव्हतं भरलंस."

"नाही, बाबा."

बापाने टेबलावरचं मेण नखाने खरवडायला सुरुवात केली.

"त्यांनी ऐकलं तर?"

"तर माझा तो गुण जाईल."

"आणि तू नापास. शेवटची वेळ."

"मला वाटलं होतं, पाच-सहा गुणांनी तरी वर असेन. एक गेला तर गेला. काठावर येईन असं धरलं नव्हतं." तिचा आवाज पहिल्यांदा जरासा खाली आला. "काल दुपारपासून तेच चाललंय डोक्यात."

"मग सोड की! कोणी विचारलंय तुला? जगातल्या सगळ्या मेणबत्त्यांचा मक्ता घेतलायस का?"

"तुम्ही आत्ता बघितलंत ना, तीन मेणबत्त्यांचं?"

"मी काहीच बघितलं नाही!" बाप ओरडला. मग त्याला वाट दिसली, तसा तो एकदम मऊ झाला. "बरं, असं कर. प्रश्नच रद्द करा म्हण. रद्द झाला तर सगळ्यांना गुण देतात, आत्या म्हणत होती. तुझाही राहील, त्यांचीही चूक निघेल. सापही मेला..."

"प्रश्न चांगला आहे, बाबा. रद्द कशाला करायचा? उत्तर चुकलंय."

"तुझी आई असती ना आज..."

वाक्य पुढे कुठे न्यायचं ते त्याला कळेना. लेक वाट बघत होती. त्याने ग्लास उचलला, आत नेऊन धुतला, आणि बराच वेळ धुतला.

दोघं रविवारभर कामापुरतंच बोलली. आत्या डबा घेऊन आली, दोघांची तोंडं बघून डबा ठेवून गेली.

सोमवारी सकाळी दाताचे डॉक्टर त्यांचा सोफा न्यायला टेम्पो घेऊन आले. हिरवा, तीन माणसांचा, कडेने बारीक गोल पट्टी शिवलेला. बायको गेल्यापासून बाप कव्हरं बाहेरच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचा. त्या पट्टीची शिवण उजव्या हाताच्या कोपऱ्यावर जरा वळवळली होती. बायको असताना असं कव्हर दुकानाबाहेर पडत नसे. गिऱ्हाईक पसंत म्हणून मोकळं झालं तरी ती ब्लेड घेऊन उसवायला बसायची, आणि हा वैतागायचा, अगं त्याला चाललंय, तुझं काय जातंय? ती मान खाली घालून उसवत राहायची.

"वा! झकास झालाय," डॉक्टर सोफ्यावर बसून म्हणाले.

"नाही झालाय," बाप म्हणाला.

"काय?"

"उठा जरा."

डॉक्टर उठले. बापाने पकड घेतली आणि कोपऱ्यातला पहिला खिळा उपटला, मग दुसरा. डॉक्टर बघत राहिले.

"अहो काका, हे काय? मला चालतंय ना!"

"मला नाही चालत. गुरुवारी या."

"टेम्पो भाड्याने आणलाय मी!"

"गुरुवारी मी स्वतः आणून देतो."

डॉक्टर टेम्पोवाल्यापाशी जाऊन काय काय बोलले ते बापाने ऐकलं नाही. त्याने सोफ्यावर चादर टाकली, अर्धं शटर ओढलं आणि मागच्या खोलीत डोकावला. लेक कागद पिशवीत भरत होती.

"चल."

"तुम्ही कशाला? रांग असेल."

"म्हणूनच. रांगेत उभं राहायला माणूस लागतं."

रांग होतीच. लांब व्हरांडा, एका टोकाला जाळीची खिडकी, आणि भिंतीला टेकलेली पोरंपोरी. कोणाच्या हातात पुस्तकाची पानं, कोणाच्या हातात नुसता अर्ज. लेकीच्या पुढे एक बाई होती, तिच्याहून थोडी मोठी, खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी.

"तुमचा कितवा प्रश्न?" तिने मागे वळून विचारलं.

"मेणबत्तीचा."

"माझाही तोच! मी ब भरलंय. आमच्या मॅडमनी कॉलेजात पाच वेळा करून घेतला होता तो प्रयोग, अ कसं भरणार? एका गुणाने गेलेय हो मी. तुम्ही किती गुणांनी गेलात?"

लेकीने बापाकडे बघितलं. बाप खिडकीकडे बघत होता.

"मी नाही गेले अजून," लेक म्हणाली.

बाईला काही कळलं नाही, पण तिचा नंबर आला होता. खिडकीतला माणूस मान खाली घालून काम करत होता. त्याच्या शेजारी अर्जांचा गठ्ठा इतका उंच झाला होता की वरचे अर्ज घसरू नयेत म्हणून त्याने त्यावर भोकं पाडायचं यंत्र ठेवलं होतं.

"नापास?"

"एका गुणाने. सर, पण या प्रश्नाचं..."

"ठेवा. पुढचा."

तिचा अर्ज गठ्ठ्यावर गेला. बाई खिडकीच्या बाजूला झाली, पण गेली नाही. लेकीने आपले कागद जाळीखालून सरकवले. माणसाने क्रमांक संगणकात टाकला, पडद्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. मग पहिल्यांदा मान वर केली.

"अहो, तुम्हाला गुण मिळालाय यात."

"हो."

"मग हरकत कशाची?"

"गुण मिळालाय. उत्तर चुकलंय."

माणसाने चष्मा कपाळावर चढवला आणि आवाज खाली आणला. "बाई, चुकून तिसराच प्रश्न लिहिलायत का? हे मान्य झालं तर तुमचा गुण जाईल. तुम्ही काठावर आहात."

"माहितीय."

"ही शेवटची संधी आहे तुमची. इथे दिसतंय मला."

"तेही माहितीय."

डब्याच्या पिशवीवाली बाई तोंडावर हात धरून उभी होती. माणसाने जाळीतून बापाकडे बघितलं.

"तुम्ही कोण यांचे?"

"बाप."

"मग समजवा की जरा. पोरगी हातची नोकरी घालवतेय. घेऊन जा हे. मी बघितलंच नाही असं समजतो."

त्याने कागद जाळीखालून परत सरकवले. बापाने ते हातात घेतले. वरच्या पानावर प्रश्न होता, खाली पर्याय, आणि त्याखाली लेकीचं बारीक, सरळ अक्षर. त्याने पानांचे कोपरे एकमेकांवर नीट बसवले, कव्हर घालण्याआधी स्पंजाच्या कडा जुळवतात तसे, आणि गठ्ठा पुन्हा आत ढकलला.

"दोन दिवस समजावून थकलो मी," तो म्हणाला. "तुम्ही शिक्का मारा. आणि हा त्या ढिगावर नका टाकू. हा वेगळा आहे."

माणसाने चष्मा कपाळावरून पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग त्याने शिक्का मारला. कागद ढिगावर ठेवायला हात पुढे गेला होता तो त्याने मागे घेतला. उठला, कागद घेऊन आतल्या दाराने गेला, आणि बऱ्याच वेळाने परत आला. रांगेतल्या कोणीही कुरकूर केली नाही.

"समिती बोलावेल पुढच्या आठवड्यात," तो लेकीला म्हणाला. "समोर करून दाखवावं लागेल. निकालाला महिना लागेल. साहित्य तुमचं तुम्ही आणायचं."

"आणीन."

मग त्याने यंत्र उचललं, ढिगावरचा सगळ्यात वरचा अर्ज काढला आणि बाजूला उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "तुमचा प्रश्न कोणता म्हणालात?"

दुकानावर परत आले तेव्हा अर्धं शटर कोणीतरी पूर्ण वर केलं होतं. आत आत्या बसली होती, नुसत्या सांगाड्याच्या सोफ्यावर, एक पाय पट्ट्यांमधून खाली गेलेला. डॉक्टरांच्या सोफ्यावरची चादर तिने काढून घडी केली होती.

"आलात? सगळं कानावर आलंय माझ्या. डॉक्टर येऊन सांगून गेले, तुझ्या भावाचं डोकं फिरलंय म्हणून. आणि ही! कुठे तोंड घालून आलीस गं? अर्ज दिलास?"

"दिला, आत्या." लेक आत गेली. पाण्याची ताटली आणि ग्लास तिने पुन्हा टेबलावर आणून ठेवले आणि मेणबत्त्यांचा डबा शोधू लागली.

आत्याने भावाला हाताशी ओढलं. "साऱ्या गल्लीला पास म्हणून सांगितलंय मी. आता लोकांना काय सांगू? पास की नापास, एक काय ते बोल."

"पास," बाप म्हणाला.

"म्हणजे ऐकलं नाही त्यांनी? गुण राहिला?"

"ते अजून ठरायचंय. महिना लागेल."

"मग तुला रे काय माहीत?"

"तू ऊठ आधी," बाप म्हणाला. त्याने तिला हात देऊन सांगाड्यातून वर ओढलं. "त्यात अजून स्प्रिंगा बसवायच्यात."